आधी माझं दुखणं खरं माना

पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा.

१९०७ साली जन्मलेल्या एका शेतकऱ्यापासून सुरुवात करतो. जॉन हेन्री मार्टिन. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या एका अतिशय गरीब काळ्या घरातला. शाळा दुसरीपर्यंत. दुसऱ्याच्या जमिनीत वाट्यानं राबायचं, पिकाचा मोठा हिस्सा मालकाला द्यायचा आणि वर्षाखेरीस हिशेबात आपणच देणेकरी निघायचं, अशी त्या काळची पद्धत. या माणसानं ठरवलं की आपली स्वतःची जमीन करायची. चाळिशीपर्यंत त्याच्या नावावर ७५ एकर जमीन झाली. त्यासाठी काढलेलं कर्ज ४० वर्षांत फेडायचं होतं. त्यानं ते ५ वर्षांत फेडलं. कसं? रात्रंदिवस राबून.

आणि पन्नाशी उलटून साठी गाठायच्या आत त्याला रक्तदाब होता, संधिवात होता आणि पोटातला अल्सर इतका वाढला होता की जठराचा ४० टक्के भाग कापून काढावा लागला.

१९७८ मध्ये शर्मन जेम्स नावाचे एक तरुण साथरोगतज्ज्ञ, तेही काळे, या म्हाताऱ्याला भेटायला गेले. अंगणात बसून त्याची कहाणी ऐकत होते. तेवढ्यात घरातून बायकोनं त्याला नावानं जेवायला हाक मारली आणि जेम्स यांच्या डोक्यात एकदम काहीतरी जुळलं. कारण ‘जॉन हेन्री’ हा अमेरिकेतल्या काळ्या लोककथेचा नायक. रेल्वेच्या बोगद्यासाठी हातोड्यानं खडक फोडणारा मजूर. वाफेच्या यंत्राशी त्यानं पैज लावली, जिंकली आणि हातोडा हातात असतानाच कोसळून मेला. जेम्स यांनी आपल्या सिद्धांताला नाव दिलं ‘जॉन हेन्रीझम’. थोडक्यात सांगायचं तर, सगळी व्यवस्था विरोधात असताना माणूस केवळ जिद्दीवर झुंजत राहतो, जिंकतोही, पण त्याची किंमत शरीर चुकवतं.

आज हे लिहायचं कारण असं की ‘आपलं दुखणं आपण सांभाळा’ हा विचार सध्या जगभर जोरात आहे. इंग्रजीत त्याला सेल्फ-मॅनेजमेंट म्हणतात. गुडघे, कंबर, पाठ वर्षानुवर्षं दुखतेय, औषधानं पूर्ण बरं होणार नाही, मग त्या दुखण्यासोबत नीट जगायला शिका. विचार चांगलाच आहे. पण अमेरिकेतल्या वयस्कर काळ्या माणसांना हे सांगायला गेलं की एक अवघड प्रश्न उभा राहतो. ज्या समाजाला ३०० वर्षं आपलं दुखणं आपणच सांभाळावं लागलं, कारण दुसरं कुणी विचारतच नव्हतं, त्याला तुम्ही नवीन काय शिकवणार?

(‘काळे’ हा शब्द मुद्दाम वापरतोय. तिथली चळवळ स्वतःसाठी हाच शब्द अभिमानानं वापरते.)

*

आपल्याकडे या विषयाशी नातं जुनं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध उभ्या राहिलेल्या तिथल्या लोकांना. त्या वेळी अमेरिकेत गुलामी कायद्यानं संपून आठ वर्षं झाली होती. पण गुलामीच्या काळात वैद्यकशास्त्रानं काळ्या शरीराबद्दल जे लिहून ठेवलं होतं, ते काही कायद्यानं संपलं नाही.

१८५१ मध्ये सॅम्युएल कार्टराइट नावाच्या दक्षिणेतल्या नामवंत डॉक्टरनं एक लांबलचक निबंध लिहिला. त्यात त्यानं काळ्या माणसांचे ‘खास’ रोग शोधून काढले. गुलाम पळून जातो, हा म्हणे एक मानसिक रोग! दुसऱ्या रोगाला त्यानं भारदस्त लॅटिन-ग्रीक नाव दिलं. त्याची लक्षणं कोणती? कामात आळस आणि कातडी बधिर असणं, म्हणजे मारलं तरी फारसं न लागणं. उपाय म्हणून त्यानं सुचवलं की अंगाला तेल चोळा, ते रुंद चामडी पट्ट्यानं थापटून जिरवा आणि उन्हात कष्टाचं काम द्या. चाबूक आधी आणि निदान नंतर, असा हा प्रकार. मारणाऱ्याच्या मनाला टोचणी लागू नये म्हणून मार खाणाऱ्याला दुखतच नाही असं शास्त्र तयार झालं.

त्याच सुमारास, १८४५ ते १८४९ या काळात, अलाबामातल्या मॉन्टगोमेरी गावात जे. मॅरियन सिम्स हा डॉक्टर गुलाम बायकांवर शस्त्रक्रियेचे प्रयोग करत होता. बाळंतपणात झालेल्या जखमेमुळे सतत लघवी गळत राहते, त्या आजारावर त्याला उपाय शोधायचा होता. उपाय सापडलाही आणि पुढे तो ‘आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक’ म्हणून गाजला. त्या बायकांपैकी तिघींची नावं आपल्याला माहीत आहेत : अनार्का, ल्युसी आणि बेट्सी. एकट्या अनार्कावर सुमारे ३० शस्त्रक्रिया झाल्या. भूल न देता.

आता तारीख बघा. बोस्टनमध्ये ईथरची भूल देऊन जाहीर शस्त्रक्रिया झाली ती १६ ऑक्टोबर १८४६ ला. म्हणजे भूल देण्याची सोय सिम्सच्या प्रयोगांच्या मधल्या काळातच आली होती. आणि ल्युसीला शस्त्रक्रियेत भयंकर यातना झाल्या हे स्वतः सिम्सनंच लिहून ठेवलंय. त्याला ते दिसत होतं. तरीही पुढची शस्त्रक्रिया झाली.

२०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळचा त्याचा पुतळा हलवला गेला. २०२१ मध्ये मॉन्टगोमेरीत त्या तिघींचे उंच पुतळे उभे राहिले.

*

‘जुन्या गोष्टी आहेत हो,’ असं कुणी म्हणेल. चला तर मग, आपल्या काळात येऊ.

२००० साली अटलांटा शहरातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हाता-पायाचं हाड मोडून तातडीच्या विभागात आलेले रुग्ण त्यात घेतले होते. हाड मोडलंय म्हणजे दुखणार, यात वादच नाही. गोऱ्या रुग्णांपैकी ७४ टक्के लोकांना वेदनाशामक मिळालं, काळ्यांपैकी ५७ टक्क्यांना. त्याच वर्षी न्यूयॉर्कमधल्या औषध दुकानांची पाहणी आली. गोऱ्या वस्तीतल्या ७२ टक्के दुकानांत तीव्र वेदनेवरच्या औषधांचा पुरेसा साठा होता. बिगरगोऱ्या वस्तीत असा साठा फक्त २५ टक्के दुकानांत होता. म्हणजे डॉक्टरनं चिठ्ठी लिहून दिली तरी औषध मिळेल याची खात्री नाही.

२०१६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि शिकाऊ डॉक्टरांना काही विधानं वाचायला दिली. काळ्यांची कातडी जाड असते, त्यांच्या मज्जातंतूंची टोकं कमी संवेदनशील असतात, अशा प्रकारची. जवळपास निम्म्या जणांना यातलं निदान एक तरी खोटं विधान खरं वाटलं. ज्यांचा अशा गोष्टींवर जास्त विश्वास होता, त्यांनी काळ्या रुग्णाची वेदना कमी धरली आणि उपचारही कमी योग्य सुचवले. कार्टराइट मरून दीडशे वर्षं झाली होती!

पण मला सगळ्यात जास्त हादरवून गेली ती गुडघ्याची गोष्ट.

गुडघ्याची झीज किती झालीय हे एक्स-रे बघून ठरवायची जी पद्धत जगभर वापरतात, ती १९५७ मध्ये केलग्रेन आणि लॉरेन्स या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी दिली. तिचा पाया उत्तर इंग्लंडमधल्या गोऱ्या लोकांवरचा अभ्यास. या पद्धतीत शून्य ते चार असा आकडा मिळतो. अमेरिकेत अनेक वर्षं एक कोडं होतं. एक्स-रेवर आकडा सारखाच असला तरी काळे रुग्ण जास्त दुखतंय असं सांगायचे. मग याचा अर्थ काय काढायचा? ताण असेल, मनाचं असेल, हे लोक जास्त बोभाटा करत असतील, असे अर्थ निघत.

२०२१ मध्ये काही संशोधकांनी संगणकाला हजारो एक्स-रे दाखवले. मात्र डॉक्टरांनी दिलेला आकडा शिकवण्याऐवजी त्यांनी त्याला रुग्णानं सांगितलेली वेदना शिकवली. जुन्या पद्धतीनं काळ्या-गोऱ्यांच्या वेदनेतला फक्त ९ टक्के फरक समजत होता. संगणकाला त्याच एक्स-रेमधून ४३ टक्के फरक समजला. म्हणजे दुखण्याची खूण गुडघ्यातच होती, चित्रातही दिसत होती. बघणाऱ्याच्या मोजपट्टीवर तेवढी ती नव्हती. गुडघा बदलायची शस्त्रक्रिया करायची की नाही हे ठरवताना एक्स-रेचा आकडा विचारात घेतला जातो, हे लक्षात घेतलं तर यात किती जणांचं चालणं-फिरणं अडकलं असेल याचा अंदाज करा.

*

बरं, हे गुडघे आणि या कंबरा झिजल्या कशानं?

कापूस वेचून, तंबाखू तोडून, दुसऱ्यांच्या घरची फरशी गुडघ्यांवर बसून पुसून. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख काळी माणसं दक्षिण सोडून डेट्रॉइट, शिकागो, न्यूयॉर्ककडे गेली. तिथेही ओतशाळेत भट्टीपाशी, कत्तलखान्यात, हमालीत, म्हणजे अंगमेहनतीच्याच जागी त्यांना काम मिळालं. १९३५ मध्ये अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा कायदा आला, म्हातारपणी पेन्शन मिळू लागली. त्यातून शेतमजूर आणि घरकाम करणारे वगळले होते. काळ्या कामगारांपैकी सुमारे ६५ टक्के त्यामुळे बाहेर राहिले. ते दार त्यांच्यासाठी उघडायला १९५० चं दशक यावं लागलं. पेन्शन नाही म्हटल्यावर दुखत असलं तरी कामावर जायचं. दुखतंय म्हणून बसून राहणं ही चैन होती.

आणि दवाखाने? दक्षिणेत काळ्यांसाठी वेगळे वॉर्ड, बहुधा तळघरात किंवा मागच्या बाजूला. नाहीतर सरळ प्रवेश बंद. १९६६ मध्ये मेडिकेअर, म्हणजे वृद्धांचा सरकारी आरोग्य विमा सुरू झाला आणि भेदभाव करणाऱ्या रुग्णालयाला यातला पैसा मिळणार नाही अशी अट आली. मग काही महिन्यांत सुमारे हजार रुग्णालयांनी आपली दारं सगळ्यांना खुली केली. पैशाची ताकद! पण हिशेब करा, आज जी काळी माणसं ८० वर्षांची आहेत, त्यांनी वयाच्या विशीपर्यंत तो मागचा दरवाजा स्वतः पाहिलाय. त्यांच्यासाठी हा इतिहास पुस्तकातला नाही.

डॉक्टर नाही म्हटल्यावर घरचे उपाय आलेच. मालिशीचं तेल, गरम पाण्यात एप्सम मीठ, जडीबुटी जाणणाऱ्या आज्या, सुईणी. आणि चर्च. रविवारी गाणं, प्रार्थना आणि शेजारच्या बाकावरच्या बाईनं ‘कशी आहेस गं’ असं विचारणं. हेच त्यांचं दुखण्याचं व्यवस्थापन होतं, नाव तेवढं नव्हतं.

या स्वतःच्या बळाला संघटित रूप देण्याचा मोठा प्रयत्न १९१५ मध्ये झाला. अलाबामातल्या टस्कीगी संस्थेचे बुकर टी. वॉशिंग्टन यांनी काळ्यांसाठी राष्ट्रीय आरोग्य सप्ताह सुरू केला. विहिरी साफ करा, घरं-अंगणं झाडा, मुलांना तपासून घ्या. चर्च, शाळा, बायकांची मंडळं सगळे त्यात उतरले. १९३२ मध्ये केंद्र सरकारच्या सार्वजनिक आरोग्य खात्यानं या कामासाठी स्वतंत्र कार्यालय उघडलं.

आणि त्याच १९३२ मध्ये, त्याच खात्यानं, त्याच टस्कीगीच्या परिसरात तो कुप्रसिद्ध प्रयोग सुरू केला. सुमारे ६०० काळे शेतमजूर, त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस. त्यांना सांगितलं की तुमचं रक्त बिघडलंय, आम्ही फुकट उपचार करतो. प्रत्यक्षात उपचार न करता रोग कसा वाढतो ते बघायचं होतं. पाठीच्या मणक्यात सुई घालून पाणी काढायचं, फार दुखायचं ते, आणि त्यालाच ‘खास मोफत उपचार’ म्हणून पत्रं पाठवली. फुकट जेवण, गाडी आणि मेल्यावर पुरण्याचा खर्च मिळणार, पण शवविच्छेदनाला परवानगी द्यायची. १९४० च्या दशकात पेनिसिलिन आलं, तेही दिलं नाही. हे ४० वर्षं चाललं. जुलै १९७२ मध्ये एका वार्ताहर बाईनं बातमी फोडली तेव्हा थांबलं. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली १९९७ मध्ये.

पुढे अर्थतज्ज्ञांनी तपासलं तेव्हा दिसलं की ही बातमी फुटल्यावर वयस्कर काळ्या पुरुषांचं डॉक्टरकडे जाणं घटलं आणि त्यांचं आयुर्मानही त्यामुळे कमी झालं. मग ‘हे लोक वेळेवर दवाखान्यात येत नाहीत’ असा ठपका ठेवायला डॉक्टर मोकळे.

*

१९७२ साल आपल्यालाही ओळखीचं. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव आणि प्रेरणा अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरची, हे सगळ्यांना माहीत आहे. ब्लॅक पँथर म्हटलं की आपल्याला बंदुका आणि काळी जाकिटं आठवतात. पण ते मोफत दवाखाने चालवत होते हे फारसं सांगितलं जात नाही. १९७२ मध्ये त्यांनी आपल्या दहा कलमी कार्यक्रमात सगळ्या काळ्या आणि शोषित लोकांसाठी मोफत आरोग्यसेवेची मागणी घातली. आणि सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी त्यांनी वस्तीवस्तीत, घरोघरी जाऊन केली.

सिकलसेल म्हणजे वेदनेचाच आजार. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं फुटल्यासारखं दुखतं. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको, हाच आजार आपल्या आदिवासी आणि दलित वस्त्यांमध्येही आहे. अमेरिकेत या आजाराचा काळा रुग्ण वेदनेनं तळमळत तातडीच्या विभागात आला की त्याला नशेसाठी औषध मागतोय असं समजलं जाणं, ही आजही नेहमीची तक्रार आहे. म्हणजे पुन्हा तेच. दुखतंय हे सिद्ध करायची जबाबदारी दुखणाऱ्यावर.

*

आता स्वव्यवस्थापनाकडे येऊ.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग या मूळच्या परिचारिकेनं संधिवाताच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केले. सहा आठवडे, आठवड्यातून दोन तास. शिकवणारा डॉक्टर नाही, तर बहुधा स्वतः संधिवात असलेला साधा माणूस. व्यायाम कसा करायचा, दमणूक कशी वाटून घ्यायची, डॉक्टरशी कसं बोलायचं. चार वर्षांनी पाहिलं तर वेदना सरासरी २० टक्के कमी आणि डॉक्टरकडच्या फेऱ्या ४० टक्के कमी. गंमत म्हणजे फायदा व्यायाम किती केला यापेक्षा ‘मला हे जमेल’ हा विश्वास किती वाढला यावर जास्त अवलंबून होता.

मोठा शोध होता हा. पण त्या वर्गांत येणाऱ्या बहुतेक गोऱ्या, शिकलेल्या बायका होत्या. ‘मला जमेल’ असं वाटायला आधी ‘माझं ऐकलं जाईल’ असं वाटावं लागतं. त्यांना ते वाटत होतं.

मग काळ्या वृद्धांसाठी वर्ग त्यांच्या संस्कृतीला धरून बेतायचे असं ठरलं. बेतायचे म्हणजे काय करायचं? पुस्तिकेवर काळ्या आजीचा फोटो छापला की झालं? सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी एवढंच झालं. खरं बेतणं किती खोल जावं लागतं त्याचं एक उदाहरण देतो. माणूस वेदनेला कसं तोंड देतो हे मोजायची एक प्रसिद्ध प्रश्नावली १९८३ पासून वापरात आहे. त्यात ‘प्रार्थना आणि आशा’ असा एक गट आहे आणि अभ्यासक तो सहसा निष्क्रिय उपायांत धरतात. म्हणजे माणूस काही करत नाही, नुसता देवावर हवाला ठेवून बसलाय. आता चर्चच्या बळावर सगळं आयुष्य निभावलेल्या आजीला तुम्ही सांगणार की तुमची प्रार्थना म्हणजे काहीच न करणं? ती प्रार्थना करून उठते, काठी घेते आणि चालायला जाते. तिच्या लेखी ते एकच काम आहे. आपल्या वारीतल्या म्हाताऱ्यांना विचारा, नामस्मरण आणि चालणं वेगळं करून दाखवा म्हणावं!

डेट्रॉइटमध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या काळ्या वृद्धांसाठी एक कार्यक्रम केला, नाव ‘स्टेप्स’. काही आठवड्यांचा. मनगटावर पावलं मोजणारा पट्टा, बघायला छोटे व्हिडिओ आणि मुख्य म्हणजे वस्तीतल्या आरोग्य कार्यकर्तीचा नियमित फोन. आपल्या आशाताई असतात ना, तशी. घरासमोरचा फुटपाथ फुटलेला असेल, संध्याकाळी बाहेर पडायची भीती वाटत असेल तर ‘रोज अर्धा तास चाला’ या सल्ल्याला अर्थ नाही. हे त्या कार्यकर्तीला सांगावं लागत नाही, तिला ते ठाऊक असतं. मग घरातल्या घरात, चर्चच्या सभागृहात, मॉलमध्ये चालायचं असं ती सुचवू शकते.

लॉस एंजेलिसमध्ये रक्तदाबासाठी असाच प्रयोग न्हाव्याच्या दुकानात झाला. काळ्या पुरुषांचं सलून म्हणजे गप्पांचा अड्डा. ५२ दुकानं, ३१९ गिऱ्हाइकं. औषधतज्ज्ञच दुकानात येऊन तपासायचे आणि औषध द्यायचे. सहा महिन्यांत वरचा रक्तदाब सरासरी २७ नी उतरला. ज्यांना न्हाव्यानं फक्त डॉक्टरकडे जायचा सल्ला दिला, त्यांचा ९ नी. हा २०१८ चा अभ्यास. सल्ला दोघांनाही मिळाला होता. एका गटाकडे उपचार स्वतः चालत आले, एवढाच फरक.

*

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगतो. नॉर्थ कॅरोलायनात, म्हणजे जॉन हेन्री मार्टिनच्याच राज्यात, झिजलेल्या सांध्यांच्या २४८ काळ्या रुग्णांवर एक चाचणी झाली. त्यांच्यासाठी बेतलेलं वेदना हाताळण्याचं प्रशिक्षण फोनवरून दिलं. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. लोकांचा आत्मविश्वास वाढला, दुखण्याला तोंड देण्याच्या युक्त्या वाढल्या. पण दुखण्याची तीव्रता म्हणावी तशी घटली नाही.

काही जण यावर म्हणतील की मग उपयोग काय? मला उलट वाटतं. यातून स्वव्यवस्थापन कुठवर जाऊ शकतं आणि कुठे थांबतं ते दिसतं. झिजलेला गुडघा श्वासाच्या व्यायामानं भरून येत नाही. ज्याला शस्त्रक्रिया हवी त्याला शस्त्रक्रिया द्यावी लागते, ज्याला गोळी हवी त्याला गोळी. उरलेलं रोजचं जगणं सुसह्य करायला हे वर्ग कामाला येतात, आणि ते काम लहान नाही. दुखत असूनही आजी परत चर्चला जायला लागली, नातवाला कडेवर नाही तरी मांडीवर घेऊ लागली, तर ते तिच्या लेखी खूप आहे.

धोका आहे तो वेगळाच. उपचार महाग, डॉक्टरांना वेळ नाही, मग ‘आता तुमचं तुम्ही बघा’ याला शास्त्रीय नाव देऊन टाकायचं. काळ्या वृद्धांच्या कानाला हे वाक्य नवीन नाही. शेतात ऐकलं, कारखान्यात ऐकलं, तळघरातल्या वॉर्डात ऐकलं. स्वव्यवस्थापन हे उपचाराच्या सोबतीला आलं तर मदत ठरतं. उपचाराच्या जागी आलं तर ती जुनीच हेळसांड असते, फक्त पुस्तिका छापलेली.

म्हणून संस्कृतीला धरून कार्यक्रम बेतायचा म्हणजे पहिली पायरी एकच. समोरच्यानं दुखतंय म्हटलं की ते खरं मानायचं. गाणी, चर्च, ओळखीच्या भाषेतले शब्द हे सगळं त्यानंतर. वस्तीतली कार्यकर्ती उपयोगी पडते ती ती समजावून सांगते म्हणून नाही. ती ऐकते तेव्हा संशय घेत नाही म्हणून. ज्या संगणकाला रुग्णाचं म्हणणं खरं धरायला शिकवलं, त्याला एक्स-रेत जे दिसलं ते साठ वर्षं कुणाला दिसलं नव्हतं. हे उदाहरण मला या सगळ्या इतिहासाचं सार वाटतं.

जॉन हेन्री मार्टिननं ४० वर्षांचं कर्ज ५ वर्षांत फेडलं. आपलं आपण सांभाळण्यात त्याला कुणी काय शिकवणार होतं? त्याला हवा होता तो थोडा कमी वजनाचा हातोडा आणि दुखतंय म्हटल्यावर थांबून ऐकणारं कुणीतरी.

एवढं लिहून थांबतो. आणि हो, आज घरी गेल्यावर आईनं किंवा आजीनं गुडघ्याची तक्रार केली तर ‘वय झालं आता’ हे वाक्य तोंडातून निघायच्या आधी, कुठे दुखतंय आणि कधीपासून, एवढं विचारून बघा.